चॅपलच्या दगडावर १७९८, पण मंडळी नेमकी कधीची?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या इंडिपेंडंट चॅपलचा (सरकारमान्य चर्चपासून स्वतंत्र असलेल्या मंडळीच्या, म्हणजे उपासकसमूहाच्या, प्रार्थनागृहाचा) इतिहास जुळवतेय. दर्शनी दगडावर १७९८ कोरलंय. बाप्तिस्म्याची वही १८३७ला एकदम थांबते, आणि लग्नाची नोंद एकही नाही. वह्या हरवल्या असतील का?

प्रतिसाद १: हरवल्या नसाव्यात. १८३७ला सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली, तेव्हा सरकारी आयोगाने चॅपलांकडून जुन्या वह्या मागवून घेतल्या. १८४०च्या कायद्याने त्या पुरावा म्हणून ग्राह्य ठरल्या. आज त्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ या मालिकेत आहेत, १८५७नंतर गोळा झालेल्या आरजी ८मध्ये. काही चॅपलांनी वह्या दिल्याच नाहीत, म्हणून काउंटीचा दप्तरखानाही बघाच. पाळक बदलून जाताना वही सोबत नेत असत, तेव्हा त्याच्या पुढच्या गावाच्या नावाखालीही शोधा.

लग्नांचं कारण वेगळं. २५ मार्च १७५४पासून १८३७पर्यंत क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच (सरकारमान्य चर्चच्या स्थानिक देवळातच) लग्न लावावं लागे. ती नोंद तिथल्या रजिस्टरात मिळेल.

प्रतिसाद २: दगडावरचं साल इमारतीचं, मंडळीचं नव्हे. एकाच उपासनापद्धतीची सक्ती करणाऱ्या १६६२च्या कायद्याने सुमारे दोन हजार पाळक सरकारमान्य चर्चबाहेर पडले, आणि बऱ्याच मंडळ्यांची मुळं तिथे आहेत. आधी १६७२चे उपासनेचे परवाने बघा. मग १६८९नंतरची सभास्थानांची प्रमाणपत्रं: ती बिशप, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) किंवा क्वार्टर सेशन्सकडे (काउंटीच्या तिमाही न्यायालयाकडे) नोंदवली जात. एखाद्याचं राहतं घर किंवा धान्याचं कोठारही त्यात सापडतं. पंथ मात्र पुष्कळदा नुसता 'प्रोटेस्टंट डिसेंटर' (सरकारमान्य चर्चबाहेरचा प्रोटेस्टंट) एवढाच लिहिलेला असतो, त्यावरून इंडिपेंडंट की बॅप्टिस्ट हे ठरवू नका.

जमिनीचं विश्वस्तपत्र सोडू नका. १७३६च्या कायद्याने ते सहा महिन्यांत चॅन्सरी न्यायालयात नोंदवणं सक्तीचं होतं, त्यामुळे मूळ कागद गेला तरी नक्कल राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सी ५४ मालिकेत मिळू शकते. त्यात विश्वस्तांचे धंदेही असतात: विणकर, चांभार, शेतकरी. मंडळी कोणाच्या बळावर उभी राहिली, ते या ओळींतून दिसतं.

प्रश्नकर्ती: आभार! मंडळीच्या कार्यवृत्ताच्या वहीत बऱ्याच नावांपुढे 'डिसमिस्ड' आहे. एवढ्यांना काढून टाकलं?

प्रतिसाद २: नाही. 'डिसमिस्ड टू' आणि पुढे गाव, म्हणजे सभासदाला पत्र देऊन दुसऱ्या मंडळीकडे पाठवलं. काढून टाकलेल्यांपुढे 'एक्सक्लूडेड' असतं. आणखी एक: १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी १७१५ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७१६.