मदत हवी आहे: ‘ये जो है जिंदगी’मधला रणजित कुठल्या मालिकेत शायर झाला होता?

नमस्कार मंडळी,

जरा घरगुती प्रश्न आहे, पण इथे जुन्या दूरदर्शनवर पोसलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

दीड महिन्यापूर्वी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते, पण संध्याकाळी सातनंतर तिचा वेळ जाता जात नाही. वाचलं की डोळे दुखतात, हल्लीच्या मालिका बघवत नाहीत (“झोपतानासुद्धा शालू नेसतात गं या!”). म्हणून जेवणं झाली की पोळ्यांच्या डब्याला टॅब टेकवायचा आणि दोघींनी जुनं काहीतरी बघायचं, असा परिपाठ सुरू केलाय. सुरुवात अर्थातच ‘ये जो है जिंदगी’पासून. १९८४ साली आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे शटरवाला होता. शुक्रवारी आई स्वयंपाक लवकर उरकून, मागचा ओटा धुऊन, पदराला हात पुसत मला घेऊन तिकडे जायची. मला मालिकेतलं फारसं कळत नसे. आई इतक्या मोठ्याने हसते, हे मात्र तिथे पहिल्यांदा बघितलं.

तर अडचण अशी की तेव्हापासून आईसाठी ती मंडळी म्हणजे रणजित, रेणू आणि राजा. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही नावं तिला माहीत आहेत, पण तोंडात येत नाहीत. परवा ‘अर्धसत्य’ लावला. ओम पुरी लॉकअपमधल्या प्रकरणात अडकतो, मला धाकधूक, आणि ही शांतपणे म्हणते, “थांब, रणजित काढेल काहीतरी मार्ग.” शफी इनामदार त्यात इन्स्पेक्टर हैदर अली आहेत. बरं, मार्ग तेच काढतात, त्यामुळे मला काही बोलताही येईना.

आता मुद्दा. आई म्हणते, रणजितला तिने एका मालिकेत शायर म्हणून पाहिलंय. दाढी, भरजरी कपडे, बादशहासमोर मुशायरा वगैरे. भाऊ म्हणतो, “आई, तो नसीरुद्दीन शाह. गालिब. तू घोळ करतेयस.” दुसरं, सतीश शाह अशोक सराफबरोबर मराठी सिनेमात होता, असंही ती म्हणते. भावाचं म्हणणं, तो सुधीर जोशी.

एरवी सोडून दिलं असतं. पण ऑपरेशननंतर दोन दिवस ती बरीच बरळत होती, मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होती. भूल उतरताना वयस्कर माणसांना असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते गेलंही. घरात मात्र तेव्हापासून तिच्या प्रत्येक आठवणीवर एकमेकांकडे बघायची सवय लागलीय. तिला ते कळतं. त्या दिवशी ती “असेल बाबा, माझंच चुकलं असेल” म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपली.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावं: असं काही खरंच आहे का? आणि या चमूच्या बाकीच्या भूमिकांपैकी आणखी काय दाखवता येईल? रडारड नको. हॉस्पिटल तर अजिबात नको.

प्रतिसाद: पोहेप्रेमी

आईंना आधी साष्टांग नमस्कार सांगा. त्या शंभर टक्के बरोबर आहेत!

मालिका गालिबचीच, १९८८ ची, गुलजार यांची. नसीर गालिब, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी शेख इब्राहिम जौक म्हणजे शफी इनामदार. जौक बहादूरशाह जफरचे उस्ताद. त्यांची पालखी गल्लीतून जाते, गालिब टोमणा मारतो, आणि मग भर मुशायऱ्यात त्याला त्याच ओळीचा जाब विचारला जातो, तो प्रसंग शोधा. गालिब ती ओळ स्वतःवरच उलटवून वेळ मारून नेतो तेव्हा शफींचा चेहरा बघण्यासारखा आहे. त्यात रणजित कुठेही सापडत नाही. आईंना सापडला याचंच मला नवल वाटतंय.

प्रतिसाद: टिळकपुलावरून

सतीश शाहबद्दलही बरोबर. सचिनचा ‘गंमत जंमत’, १९८७. अशोक सराफ आहेतच. भावाला एक कप चहा करायला लावा, शिक्षा म्हणून.

सतीश शाह हा या मालिकेतला खरा चमत्कार होता. दर भागात नवा माणूस. कधी मारवाडी, कधी बंगाली, कधी आणखी कोण. अशा ५० हून अधिक भूमिका झाल्या. ‘थर्टी इयर्स का एक्स्पीरियन्स’ आमच्या ऑफिसात निवृत्तीच्या भाषणातही यायचं. त्याआधी १९८३ साली ‘जाने भी दो यारों’मध्ये त्यांनी कमिशनर डिमेलो केला आणि अर्ध्याहून जास्त मजा मेल्यावर आणली. प्रेताकडून इतका अभिनय दुसऱ्या कुणी करवून घेतलेला मला आठवत नाही. दिग्दर्शक कुंदन शाह, जे पुढे ‘ये जो है’च्या दिग्दर्शकांपैकी एक. तो नक्की दाखवा. प्रेत आहे, पण रडारड नाही. मग ‘साराभाई’तला इंद्रवदन आहेच.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात गेले. ते आईंना माहीत नसेल तर तूर्त सांगू नका.

प्रतिसाद: दापोलीकर

शफी इनामदार आमच्या दापोलीकडचे, हे इथे नोंदवून ठेवतो. दुसरं काही नाही.

प्रतिसाद: रातराणी

‘जाने भी दो यारों’मध्ये ‘खबरदार’ची संपादिका शोभा आहे ना, ती भक्ती बर्वे. म्हणजे रणजितची खरी बायको! दापोलीकरांनी एवढं महत्त्वाचं वगळलं.

राकेश बेदींसाठी दोन गोष्टी. ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) डोळे मिटून लावा. आणि ‘श्रीमान श्रीमती’. त्यात ते दिलरुबा, शेजारी कुलकर्णी दांपत्य. केशव कुलकर्णी झालेले जतीन कनाकिया गुजराती रंगभूमीवरचे आणि कोकिळा झालेल्या रीमा लागू आपल्या. ज्यांनी रीमाताईंना ‘पुरुष’ नाटकात बघितलंय त्यांना ती कोकिळा बघताना दुप्पट मजा येते. राकेश बेदी तेंडुलकरांचं ‘मसाज’ एकट्याने करतात हेही पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या भाच्याला विचाराल तर तो म्हणेल, ते ‘धुरंधर’मधले पाकिस्तानी पुढारी!

रेणू हवी असेल तर ‘उरी’मध्ये विकी कौशलची आई, पण त्यात गोळीबार फार आणि आईचं आजारपणही आहे. नकोच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जौक लावला. मुद्दाम भावाला बोलावून बसवलं. पालखी आली, पडदा हलला, चेहरा दिसला. मी टॅब थांबवून भावाकडे बघितलं. तो म्हणाला, “अरेच्चा.” आई काहीच बोलली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, “पुढे चालू कर की. दाढी लावली म्हणून माणूस बदलतो का?”

रातराणी, भक्ती बर्वेंचं मी मोठ्या ऐटीत आईला सांगायला गेले. तर तिनेच मला ऐकवलं. ‘ती फुलराणी’ तिने लग्नाआधी पाहिलं होतं. भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेही आठवतंय. शफी गेले तो दिवस तर तारखेसकट: १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना, लोकांनी बाटल्या फेकून तो बंद पाडला. “आधी मॅच गेली आणि मग कळलं रणजितही गेला,” म्हणाली. भाऊ तारीख मोबाइलवर तपासत होता. बरोबर निघाली.

चहा त्याने केला. साखर विसरला.

आज ‘गंमत जंमत’ ठरलाय. त्यानंतर तिला टिकू तलसानिया हवेत. ते मालिकेत रणजितचे साहेब होते आणि चिडले की “ये क्या हो रहा है” ओरडायचे, एवढं तिला पाठ आहे. त्यांचं हलकंफुलकं काय दाखवू? गुजराती नाटक असेल तरी चालेल, आईला समजतं. माझी आत्या सुरतेला होती.