पहिल्यांदा ड्रोन उडवताना: सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

दिवाळी झाली की मला हमखास फोन येतात. "पोराला ड्रोन घेतलाय, पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटला, आता काय करू?" नाहीतर, "कुठला घेऊ?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं देणारे ढीगभर आहेत. पण रिमोट हातात आल्यावर पहिल्या महिन्यात काय काय होतं, ते आपल्याकडच्या वाऱ्यात, आपल्याकडच्या उसावर आणि गच्च्यांवर उडवलेल्या माणसानंच सांगावं, म्हणून हा चर्चेचा धागा काढतोय.

माझं मत आधीच मांडतो. सुरुवात अडीचशे ग्रॅमच्या आतल्या, जीपीएस नसलेल्या छोट्या क्वाडकॉप्टरवरच, म्हणजे चार पात्यांच्या ड्रोनवरच करावी. जीपीएसवाला कॅमेरा ड्रोन स्टिक सोडल्या की आपला आपण हवेत उभा राहतो, त्यामुळं हात शिकतच नाही. मग एखाद्या दिवशी सिग्नल गेला की सगळं एकदम अंगावर येतं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनीही बिनधास्त लिहा. काय उडवलं, कुठं उडवलं, काय मोडलं, कसं जमलं, सगळं चालेल.

पहिला मीच लिहितो. आपल्याकडं मिळणारे बहुतेक रिमोट मोड दोनचे असतात. डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे उंची. तीच आडवी हलवली की यॉ, म्हणजे जागच्या जागी गिरकी. उजवी स्टिक पुढं-मागं केली की पिच, म्हणजे ड्रोन पुढं-मागं जातो. आडवी केली की रोल, म्हणजे डावी-उजवीकडं सरकतो. वाचायला सोपं आहे. ड्रोनची शेपूट आपल्याकडं असते तोवर चालतंही ठीक. नाक आपल्याकडं वळलं की मात्र डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक ड्रोन तिथंच पडतात. मला एका जुन्या विमान-मॉडेलवाल्यांनी सांगितलेला उपाय लागू पडला: नाक समोर असताना ड्रोन ज्या बाजूला कलतोय, त्याच बाजूला उजवी स्टिक न्यायची. कललेल्या बाजूला टेकू द्यायचा, एवढंच डोक्यात ठेवायचं. डावं-उजवं ठरवत बसलात तर तोवर ड्रोन झाडात.

दुसरं, वीतभर उंचीवर तरंगवत बसू नका. भीतीपोटी सगळे तेच करतात. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटते आणि त्या खळबळीत ड्रोन डगमगत राहतो. उचलला की थेट छातीइतका वर न्या, तिथं तो शांत होतो. आणि पडतोय असं दिसलं की थ्रॉटल पूर्ण शून्यावर. पाती गवतात अडकलेली असताना थ्रॉटल तसाच राहिला तर बारक्या मोटरी जळतात.

मिरज, दहा वर्षांच्या मुलाची आई

आमच्याकडं घरातच शिकणं झालं, कारण खाली रस्ता आहे. दादा, तुमच्या यादीत माझी भर: छताचा पंखा बंद करा. नुसता कमी नाही, बंद. पंख्याच्या वाऱ्यात चाळीस-पन्नास ग्रॅमचा ड्रोन धरणं मोठ्यांनाही जमत नाही. भिंतीच्या किंवा छताच्या फार जवळ गेला की तो तिकडंच ओढला जातो, हेही मुलाला आधीच दाखवून ठेवलं. पात्यांभोवतीचे गार्ड लावल्याशिवाय उडवायचा नाही आणि मोठ्या मुलींनी केस बांधूनच जवळ यायचं, हे आमच्या घरचे नियम.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. काही आठवड्यांनी आमचा ड्रोन एका बाजूला घसरायला लागला. दुकानदार म्हणाला, मोटर गेली. मुलानं पातं काढून पाहिलं तर दांड्याला माझा लांब केस आणि सतरंजीचा धागा घट्ट गुंडाळलेला. भुवयांच्या चिमट्यानं सोडवला, मोटर परत पहिल्यासारखी फिरायला लागली. तेव्हापासून आम्ही सतरंजीवरून उडवत नाही, उलट्या ठेवलेल्या स्टीलच्या परातीवरून उडवतो.

कराड

ताईंनी पातं काढल्याचं लिहिलंय म्हणून सांगतो, लावताना नीट बघून लावा. चारपैकी दोन पाती एका दिशेनं फिरतात, दोन उलट्या. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एका दिशेची. पात्यांवर बारीक अक्षरात ए आणि बी लिहिलेलं असतं. एक जरी चुकलं तरी ड्रोन उडायच्या आधीच कोलांटी मारतो आणि लोक तो खराब निघाला म्हणून परत करतात.

पलूस, शेतकरी

सांगलीत ड्रोन शिकायचा म्हणजे उसाचा विचार आधी करायला लागतोय. माझ्या भाच्यानं जीपीएस नसलेला छोटा ड्रोन बांधावरून उडवला. वारा जरा फिरला आणि तो आडसालीच्या फडात गेला. आडसाली म्हणजे दीड वर्षाचा उंच ऊस, माणूस उभा शिरला तर दिसत नाही, वर पाचट अंगाला कापतंय. आत गेल्यावर पाच पावलात दिशा कळेना.

शेवटी असं केलं. भाचा जिथं उभा राहून उडवत होता तिथंच त्याला उभं केलं आणि ड्रोन जिथं दिसेनासा झाला तिकडं हात करायला सांगितलं. दुसरा पोरगा शेजारच्या बांधावरून बघत होता, त्यालाही तसंच. दोघांच्या हाताच्या रेघा जिथं मिळतात तिथं मी काठीला फडकं बांधून शिरलो आणि ते दोघं ओरडून डावीकडं-उजवीकडं करत राहिले. तिथून थोड्या अंतरावर पानांच्या बेचक्यात लटकलेला सापडला, दिवा अजून चालू होता. म्हणून सांगतो, ड्रोन पडला की पाय हलवायचा नाही. पळत सुटला की रेघ गेली.

आता आम्ही ऊस तुटून गेलेल्या रानातच उडवतो. द्राक्षबागेवर तर अजिबात नको. वरच्या तारा लांबून दिसत नाहीत आणि ड्रोन काढायच्या नादात काड्या मोडल्या तर बागवाला काय म्हणेल ते वेगळंच.

सातारा, लग्नाचे आणि निसर्गाचे फोटो काढणारा

हा चर्चेचा धागा काढणाऱ्या सरांचं मत मला निम्मंच पटतं. हात छोट्यावर शिकावा हे खरं, पण वारा छोट्यावर शिकता येत नाही, छोटा ड्रोन उडूनच जातो. वारा मी चाळकेवाडीच्या पठारावर शिकलो. तिथं पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. खाली गावात पान हलत नसतं आणि वर उभं राहवत नाही. शिवाय जमिनीवर जो वारा लागतो त्यापेक्षा शंभर मीटरवरचा बराच जोराचा असतो, हे पहिल्यांदा उडवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

यावर माझा एकच नियम: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर. उलटं केलं तर जाताना मस्त वाटतं आणि परतताना ड्रोन जागचा हलत नाही, बॅटरीचे आकडे मात्र पळत असतात. एक तृतीयांश बॅटरी उरली की मी परत फिरतो, मग समोर कितीही सुंदर ढग असू देत. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपला आपण उडवलेल्या जागी परत येतो तेव्हाची, उंची आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा जास्त ठेवतो, आणि पवनचक्क्यांच्या ओळीपासून लांबच उडवतो. सरळ रेषेत भराभर खाली आणत नाही. स्वतःच ढकललेल्या हवेत ड्रोन उतरला की थरथरतो आणि वेगानं खाली बसतो. थोडा पुढं सरकवत तिरका आणायचा.

घारी येतात, त्यालाही तयार राहा. घार झेपावली तर खाली पळू नका, वर चढवा. तिला तितक्या झपाट्यानं सरळ वर येता येत नाही.

सांगली, विश्रामबाग, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी मित्रांबरोबर पाच इंची पात्यांचा रेसिंग क्वाड स्वतः जोडला. तो आपला आपण स्थिर राहत नाही, म्हणून आधी रिमोट लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर हात बसवला. कीबोर्डवर नको, बोटांना खऱ्या स्टिकची सवय व्हायला पाहिजे. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल घालून उडवताना शेजारी आकाशाकडं बघणारा मित्र असतोच, त्याच्याशिवाय नाही.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. उडवताना ३.५ च्या खाली नेऊ नका. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर फुगते. फुगलेली परत चार्ज करायची नाही, कितीही महागाची असो. हॉस्टेलवर आम्ही गादीपासून लांब, मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करतो आणि झोपताना कधीच नाही.

गच्चीवर उडवणाऱ्यांसाठी अजून एक: स्लॅबमधल्या सळ्यांमुळं ड्रोनमधलं होकायंत्र बिघडतं. जीपीएसवाल्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्र जुळवून घेणं, गच्चीवर किंवा मोटरसायकलच्या शेजारी करू नका, मोकळ्या मातीत करा.

वाळवा तालुका, बचत गटातली ड्रोन पायलट

मी फवारणीचा ड्रोन चालवते, दहा लिटर टाकीचा. आमच्या प्रशिक्षणात सरांनी एक दिवस जीपीएस बंद करून उडवायला लावलं होतं. ड्रोन वाऱ्याबरोबर सरकायला लागला तशी सगळ्यांची बोटं थरथरली. त्या दिवसानंतर मला यंत्राची भीती राहिली नाही, म्हणून धागा काढणाऱ्या सरांचं सुरुवातीचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं, तसंच टाकीतल्या औषधाचं होतं. वळताना हात हळू. माझ्या पुतणीला मी आधी खेळण्यातला ड्रोन दिलाय. अठरा वर्षांची झाली की तिनं रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

नियमांबद्दल, धागा काढणारा

तीन-चार जणांनी व्यक्तिगत विचारलं म्हणून थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि बिगरव्यावसायिक मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणी आणि यूआयएन क्रमांकाचा (प्रत्येक ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नियम आहे, तो पाळा. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत उडवता येतं, पण कराडला विमानाची धावपट्टी आहे, त्यामुळं तिकडच्यांनी नकाशा बघूनच बाहेर पडावं. कासला आणि कोयना अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढू नका, तिथल्या पक्ष्यांना त्रास होतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यात्रा, मिरवणुका असतात तेव्हा पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेही बघा. आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळं कुणी "बाहेरून मागवून देतो" म्हणालं तर नको म्हणा.

इस्लामपूर (आता ईश्वरपूर)

सगळं वाचून कालच छोटा घेतला. हात न लावता तो सारखा डावीकडं जातोय. खराब लागला का?

धागा काढणारा

बहुतेक नाही. परात सपाट फरशीवर ठेवा, तिच्यावर ड्रोन ठेवून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जायरो, म्हणजे ड्रोनचा कल ओळखणारा सेन्सर, कॅलिब्रेट करा. तरी गेला तर रिमोटवरचं रोल ट्रिमचं (आडवं सरकणं थोडं थोडं दुरुस्त करायचं) बटण उजवीकडं एकेक टिकटिक दाबत बघा. त्यानंही थांबलं नाही तर चारही पाती डोळ्यांसमोर आडवी धरून बघा, एखादं वाकलेलं सापडेल. आणि हो, मिरजेच्या ताईंनी सांगितलेला केस बघायला विसरू नका.