उजनीतल्या बोटीला कारचा स्टार्टर चालेल का?

करमाळेकर: उजनीच्या बॅकवॉटरला फिरवायला जुनी पेट्रोल बोट घेतलीय. इंजिन आत बसवलेलं, मूळ गाडीचंच. स्टार्टर जळाला. सोलापुरात एका दुकानात कारचा स्टार्टर बघितला, बोल्टची भोकंसुद्धा जुळतात आणि बोटीच्या पार्टपेक्षा लई स्वस्त. आपलं पाणी गोडं, गंजायची भीती नाही. बसवू का?

वाइंडिंगवाला, सोलापूर: मालक, नका बसवू. भीती गंजाची नाही, ठिणगीची आहे.

माझ्या टेबलावर बोटीचा स्टार्टर आला होता. ब्रश म्हणजे आतल्या फिरत्या भागाला घासून वीज देणारे कार्बनचे तुकडे. त्यांच्याकडचं झाकण उघडलं तर कडेनं रबरी रिंग आणि हवेच्या भोकावर पितळेची बारीक जाळी. गाडीच्या स्टार्टरला तिथं नुसती फट असते. ब्रशपाशी ठिणगी दोन्हीकडं पडते. बोटीच्यात ती आतच राहते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीत ती खाली रस्त्यावर निघून जाते. बोटीला खाली भोक नाही, वाफ तळाशी साचून बसते, आणि तुम्ही तिथंच चावी फिरवता! अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्यूटरलाही हाच नियम. चालू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं तरी चालवा, तळाला वास घेऊन बघा.

भीमाकाठ: आमच्या लाँचला ट्रॅक्टरचा अल्टरनेटर आहे. कितीतरी वर्षं चाललाय.

वाइंडिंगवाला, सोलापूर: अण्णा, तुमचं इंजिन डिझेल असणार. डिझेलची वाफ तशी पेटत नाही. पण इंजिनाच्याच खोलीत पेट्रोलचा जनरेटर किंवा कॅन ठेवत असाल, तर आजच बाहेर काढा.

करमाळेकर: मग कार्बोरेटर, पेट्रोल पंप?

वाइंडिंगवाला, सोलापूर: तेही बोटीचेच. बोटीचा कार्बोरेटर तुंबला तर जास्तीचं पेट्रोल परत इंजिनाच्या घशात जातं, गाडीच्याचं बाहेर ओघळतं. बोटीच्या पंपात पडदे दोन असतात. एक फाटला की पेट्रोल पारदर्शक नळीत दिसतं, तळात सांडत नाही. बेल्ट, प्लग, ऑइल फिल्टर मात्र नंबर जुळवून गाडीचे घ्या, गोड्या पाण्यात खुशाल चालतात.

जुना स्टार्टर भंगारात देऊ नका. आर्मेचर, म्हणजे तो आतला फिरता भाग, नव्या तारेनं बांधून देतो. रिंग किंवा झाकण खराब निघालं तर मी हात लावणार नाही, मग नवा बोटीचाच घ्यायचा.

करमाळेकर: गुरुवारी घेऊन येतो. जाळी आहे, पण काजळी धरलीय.

वाइंडिंगवाला, सोलापूर: तारेच्या ब्रशनं घासू नका, फाटेल. तशीच कागदात गुंडाळून आणा.