कंपायलर पास झाला म्हणजे टाइप पास झाले का?

रात्रपाळी_जावा:
काल इथे एकाने लिहिलं, 'स्टॅटिक टाइपची भाषा (कोड चालण्याआधीच कंपायलर प्रत्येक व्हॅल्यूचा प्रकार, म्हणजे टाइप, तपासतो ती) वापरता ना? मग टाइपच्या आडबाजूच्या केसेस तपासणाऱ्या टेस्ट म्हणजे वेळ वाया. ते काम कंपायलरचं.' खाली लाइकचा पाऊस. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जावात स्ट्रिंगचा (मजकुराचा) अ‍ॅरे ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेला असाइन करा आणि त्यात इंटीजर (पूर्णांक) ठेवून बघा. कंपायलर चकार शब्द काढत नाही, रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन. १९९६ मध्ये जावा १.० आली तेव्हा जेनेरिक्स (लिस्टमध्ये कुठला टाइप बसेल हे कोडमध्येच लिहायची सोय) नव्हते. कुठल्याही अ‍ॅरेवर चालणारी एकच मेथड लिहिता यावी म्हणून ही सवलत. २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स आले, पण इरेजरसकट, म्हणजे कंपाइल होताना तो टाइप पुसला जातो. चालू प्रोग्राममध्ये लिस्टला आतला टाइप ठाऊकच नसतो.

आता आमच्याकडचं. जेसनमधून (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा फॉरमॅट) खाते क्रमांक यायचे, आमच्या हातात मॅप<स्ट्रिंग, लाँग>. पार्सिंग करणाऱ्या जारने (तयार कोडच्या पॅकेजने) मात्र जॅक्सनला (जेसन वाचणाऱ्या लायब्ररीला) नुसता मॅप.क्लास दिलेला, आतला टाइप न सांगता. जॅक्सन इंटमध्ये (२१४७४८३६४७ पर्यंत) मावणारा आकडा इंटीजर करतो, न मावणारा लाँग. टेस्टमधले सगळे क्रमांक बारा आकडी, सगळं हिरवं. प्रॉडक्शनला एका जुन्या शाखेचा सहा आकडी क्रमांक आला आणि क्लासकास्टएक्सेप्शन (इंटीजरला लाँग मानल्याची एरर). तेही पार्सिंगच्या ओळीवर नाही, कितीतरी पुढे, व्याज काढणाऱ्या मेथडमध्ये! २१४७४८३६४७ आणि २१४७४८३६४८ अशा दोनच टेस्ट असत्या तर ती रात्र गेली नसती.

वॉर्निंग_हाच_एरर:
किस्सा खरा, निष्कर्ष चुकीचा. अशा ओळीवर कंपायलर 'अनचेक्ड' (टाइपची खात्री नाही) वॉर्निंग देतो. ती कुणी दाबली ते आधी सांगा. लिंट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल) लावा, वॉर्निंग आली की बिल्ड पाडा, टाइपरेफरन्स (जॅक्सनला आतला टाइप सांगायची सोय) वापरा. अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन येतं की नाही हे तपासायला जेडीकेवाल्यांचे (जावा बनवणाऱ्यांचे) स्वतःचे टेस्ट संच आहेत. ते काम मी माझ्या प्रोजेक्टमध्ये कशाला करू? आधीच कव्हरेजचा (किती कोड टेस्टखाली आला त्याचा) आकडा गाठायला लोक गेटर-सेटरच्या (नुसती व्हॅल्यू देणाऱ्या-ठेवणाऱ्या मेथडच्या) टेस्ट लिहितात आणि त्या रिव्ह्यू करण्यात आमचा दिवस जातो.

पायथॉनवाली:
तुम्हाला कंपायलर तरी आहे. आमच्याकडे २००३ पासून, म्हणजे २.३ पासून, बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इंटचा सबक्लास (उपप्रकार). इझइन्स्टन्सला (टाइप तपासणाऱ्या फंक्शनला) ट्रू आणि इंट द्या, उत्तर ट्रू. 'नग' या फील्डमध्ये कुणी ट्रू पाठवलं की एक नग म्हणून ऑर्डर पुढे जाते. ही टेस्ट मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लिहिते आणि लिहीत राहणार.

मुलाखतीचा_मारा:
या ज्ञानाचा खरा वापर कुठे होतो सांगू? मुलाखतीत पोरांना अडवायला. 'इंटीजर १२७ डबल इक्वल्सने ट्रू, १२८ फॉल्स, का?' मला विचारलं, मी कॅशचं उत्तर दिलं (छोट्या इंटीजरचे ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते, आणि डबल इक्वल्स ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं), उणे १२८ ते १२७ हेही सांगितलं. तरी नाकारलं, कारण कॅशची वरची मर्यादा वाढवायचा जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा) फ्लॅग आठवला नाही. पाच वर्षं चालणारा कोड लिहिलाय, त्याबद्दल एक प्रश्न नाही.

वॉर्निंग_हाच_एरर:
१०० टक्के सहमत. पाठांतराची परीक्षा आहे ती.

पायथॉनवाली:
सहमत काय? मी मुलाखती घेते. ज्याला ही कॅश माहीत नाही तो दोन आयडी डबल इक्वल्सने ताडतो, आणि शंभर रेकॉर्डच्या टेस्ट डेटावर ते चालूनही जातं.

मुलाखतीचा_मारा:
मग कोड दाखवून विचारा ना! फ्लॅगचं नाव विचारून काय कळतं? समोर बसलेल्याची नोकरी गेलेली असते, घरचे हप्ते चालू असतात. तुम्हाला फक्त हुशारी मिरवायची असते.

पायथॉनवाली:
मी कुणाला फ्लॅग विचारलेला नाही. दुसऱ्याचा राग माझ्यावर काढू नका.

रात्रपाळी_जावा:
मुलाखतींसाठी वेगळा धागा काढा, विनंती आहे. 'वॉर्निंग' साहेब, ती वॉर्निंग विकत घेतलेल्या जारमध्ये दाबलेली, सोर्स आमच्याकडे नाही. आणि सगळंच वॉर्निंगमध्ये येत नाही. टाइमस्टँप हा डेटचा सबक्लास. क्षण तोच असला तर डेट.इक्वल्स(टाइमस्टँप) ट्रू, उलट विचारलं की फॉल्स. हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. हायबरनेट (डेटाबेसमधून ऑब्जेक्ट भरणारी लायब्ररी) डेटच्या फील्डमध्ये टाइमस्टँप भरून देतं, मग तुलना कुठल्या बाजूने लिहिली त्यावर निकाल बदलतो. कुठला लिंट पकडणार? २०१६ मध्ये नाडा अमिन आणि रॉस टेट या संशोधकांनी तर वाइल्डकार्ड (जेनेरिक्समधला 'कुठलातरी टाइप') आणि नल (रिकामी व्हॅल्यू) एवढ्यावर, एकही कास्ट (टाइप जबरदस्तीने बदलणं) न लिहिता, जावाची टाइप सिस्टिम फोडून दाखवली.

वॉर्निंग_हाच_एरर:
अमिन-टेटचा कोड खऱ्या प्रोजेक्टमध्ये कुणी लिहीत नाही, तो बाजूला ठेवा. टाइमस्टँपचं मानतो, मानावंच लागेल. पण सोर्स नसलेल्या जारचा मॅप तुम्ही तसाच व्याजाच्या मेथडपर्यंत नेलात, ते चूकच. हातात आल्या आल्या प्रत्येक व्हॅल्यूचा टाइप तपासा, आणि टेस्ट त्या तपासणीची लिहा. तेवढ्या टेस्टला माझा अ‍ॅप्रूव्हल. अ‍ॅरेवाली टेस्ट रिव्ह्यूला आली तर अडवणार.