शब्दचर्चा: सेल्फ असेम्ब्लीला मराठीत काय म्हणावं?

भाचीच्या कॉलेजच्या पोस्टरचं मराठी करून देतेय, आम्ही ऐरोलीला असतो. नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आपले आपण ओळीत कसे लागतात त्याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन आहे. मी 'स्वयंरचना' लिहिलंय, तिचे सर 'स्वयंसंघटन' म्हणतात. कुठला ठेवू?

*

ताई, मला विचाराल तर दोन्ही नको. रचना म्हटलं की रचणारा आलाच. वाशीला एपीएमसीत फळवाला संत्र्यांची रास लावतो ना, खालच्या तिघांच्या खळग्यात वरचं एक, तशा राशीत जवळपास ७४ टक्के जागा भरते, पण तिथे हात फळवाल्याचा. सिम्युलेशनमध्ये तशीच रास लागते आणि हात कुणाचाच नसतो! १९५७ साली ऑल्डर आणि वेनराइट या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर नुसते टणक गोळे सोडले, ना ओढ ना चिकटपणा, आपटायचं आणि उलट फिरायचं एवढंच, तरी दाटी वाढल्यावर त्यांचा स्फटिक झाला. गोळ्यांनी ४९ टक्क्यांच्या वर जागा व्यापली की स्फटिक बनायला लागतो आणि साधारण साडेचोपन्नच्या पुढे सगळाच स्फटिक. हे घडवते एन्ट्रॉपी. आपल्या डोक्यात एन्ट्रॉपी म्हणजे पसारा असं बसलेलं असतं म्हणून पटत नाही, पण एवढ्या दाटीत ओळीने बसलं तरच प्रत्येकाला हलायला जास्त जागा मिळते.

संघटन वेगळं. तव्यात तेलाचा पातळ थर तापवला की षटकोनी चौकटी पडतात, गॅस बंद केला की गेल्या, ते स्वयंसंघटन, त्याला ऊर्जा सतत पुरवावी लागते. हा स्फटिक तसाच टिकतो.

मराठीत जुळणं आणि जुळवणं असे दोन धातू आहेत, त्यातला पहिला घ्या. शीर्षकात 'स्वयंजुळणी' आणि मजकुरात 'कण आपसूक जुळून येतात'. 'जुळवले जातात' कुठेही नको.

*

पण तिच्या मॉडेलमध्ये कणांना डीएनएचे धागे लावलेत, मग ती जुळवाजुळवच नाही का?

*

नाही हो. सोन्याच्या कणांवर असं १९९६ साली मर्किन आणि अलिविसाटोस या शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे करून दाखवलं. धाग्यातल्या अक्षरांचा क्रम माणूस ठरवतो पण जोडीदार शोधतो कणच, भिरभिरत, चुकीचा चिकटला तर सुटून पुन्हा. म्हणून पाणी किंचित गरम ठेवतात, फार थंड केलं तर चुकीच्या जोड्या तशाच अडकून राहतात आणि नुसता गुंता होतो. तिथे 'क्रम आखून दिलेली स्वयंजुळणी' लिहा. आणि सिम्युलेशन सिम्युलेशनच राहू द्या, 'अनुकरण' केलंत तर वाचणाऱ्याला नक्कल वाटेल.