क्रोशाचा इंग्रजी पॅटर्न वाचायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न : दोरागुंडी, नाशिक

नमस्कार. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब हे टाके मला व्यवस्थित घालता येतात, कारण ते मी मावशीच्या शेजारी बसून शिकले आहे. तिने विणलेले तोरण समोर असेल, तर त्याचे खांब मोजून तसेच दुसरे तोरण विणणेही जमते. मात्र छापील पॅटर्न हातात आला की काम अडते. बहिणीच्या बाळासाठी शिंपल्यांच्या नक्षीचे पांघरूण विणायचे आहे आणि त्याचा इंग्रजी पॅटर्न माझ्याकडे आहे. त्यात नमुन्याच्या तुकड्यासाठी दिलेल्या पहिल्या दोन ओळी देवनागरीत उतरवून देते.

«सीएच २६.
रो १ : एससी इन सेकंड सीएच फ्रॉम हुक, *स्किप २ सीएच, ५ डीसी इन नेक्स्ट सीएच, स्किप २ सीएच, एससी इन नेक्स्ट सीएच; रिपीट फ्रॉम * टू एंड, टर्न. (२५)
रो २ : सीएच ३ (काउंट्स ॲज डीसी), २ डीसी इन सेम एससी, *स्किप २ डीसी, एससी इन नेक्स्ट डीसी, स्किप २ डीसी, ५ डीसी इन नेक्स्ट एससी, रिपीट फ्रॉम *, एंडिंग विथ ३ डीसी इन लास्ट एससी, टर्न. (२५)»

वर «मल्टिपल ऑफ ६ + १, प्लस १ फॉर टर्निंग» अशी एक टीप आहे. संक्षेपांचे अर्थ मी शोधून काढले आहेत : सीएच म्हणजे साखळी, एससी म्हणजे मुका खांब आणि डीसी म्हणजे खांब. तरीही ओळ वाचताना नेमके कुठून कुठपर्यंत पुन्हा करायचे, दुसऱ्या ओळीच्या शेवटी पाचऐवजी तीनच खांब का, आणि पांघरूण रुंद करायचे तर साखळ्या किती घ्यायच्या, हे कळत नाही. व्हिडिओ पाहून विणता येईल, पण मला पॅटर्न वाचायलाच शिकायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : सुईदोरा, सातारा

तुम्हाला टाके येतात, हा सर्वांत अवघड भाग आधीच पार पडला आहे. राहिली ती लिहिण्याची पद्धत, आणि ती नियमबद्ध असल्यामुळे एकदा समजली की कोणताही पॅटर्न उलगडता येतो. तुमच्याच दोन ओळी घेऊन सांगते.

प्रथम ओळीच्या शेवटी कंसात असलेला २५ हा आकडा पाहा. ओळ पूर्ण झाल्यावर सुईखाली किती टाके असायला हवेत, ते हा आकडा सांगतो, आणि नवशिक्या व्यक्तीसाठी संपूर्ण पॅटर्नमध्ये याहून उपयोगाची दुसरी गोष्ट नाही. ओळ विणण्यापूर्वीच कागदावर हिशेब करून हा आकडा मिळतो का, हे तपासावे. तो मिळाला, तर तुम्ही ओळ बरोबर वाचली आहे असे समजायला हरकत नाही.

आता पहिली ओळ. २६ साखळ्या घातल्यावर सुईवर जो फास असतो तो मोजायचा नाही. सुईलगतची पहिली साखळी उंचीसाठी सोडून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब. इथे २५ साखळ्यांपैकी एक वापरली गेली आणि २४ उरल्या. त्यानंतर तारा (*) येतो. ताऱ्यापासून अर्धविरामापर्यंतचा मजकूर हा एक गट आहे : दोन साखळ्या सोडा, तिसरीत पाच खांब, पुन्हा दोन सोडा, पुढच्या साखळीत मुका खांब. या एका गटात दोन, एक, दोन आणि एक अशा सहा साखळ्या संपतात. २४ ला ६ ने भागले की ४ येतात, म्हणजे गट एकूण चार वेळा होईल आणि शेवटच्या साखळीत मुका खांब येऊन ओळ संपेल. मिळाले काय? पाच-पाच खांबांचे चार शिंपले म्हणजे वीस खांब, आणि पाच मुके खांब, एकूण पंचवीस.

एक बारकावा इथेच सांगितला पाहिजे. पॅटर्नमध्ये «ताऱ्यापासून आणखी तीन वेळा» असे लिहिलेले असेल, तर पहिली वेळ धरून गट चार वेळा होतो. कंसातला मजकूर देऊन पुढे «४ वेळा» असे लिहिले असेल, तर मात्र एकूण चारच वेळा. हा फरक लक्षात न घेता पुढे गेल्यास एक संपूर्ण शिंपला कमी किंवा जास्त होतो.

दुसऱ्या ओळीत नक्षी अर्ध्या शिंपल्याने सरकते, म्हणजे खालच्या शिंपल्याच्या मधल्या खांबावर मुका खांब बसतो आणि खालच्या मुक्या खांबावर नवा शिंपला उभा राहतो. कापडाच्या दोन्ही कडांना मुके खांबच आहेत आणि कडेपलीकडे जागा नाही, त्यामुळे तिथे पूर्ण शिंपला न बसता अर्धाच बसतो. सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब धरून आणि त्याच टाक्यात आणखी दोन खांब मिळून एक अर्धा शिंपला झाला; शेवटचे तीन खांब हा दुसरा. हिशेब करून पाहा : तीन, मधले तीन पूर्ण शिंपले म्हणजे पंधरा, चार मुके खांब, आणि शेवटचे तीन. पुन्हा पंचवीसच.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठिकाण जपावे लागते. दुसऱ्या ओळीच्या आरंभी घातलेल्या तीन साखळ्या खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून परतताना तो टाका नजरेतून सुटतो. शेवटचा मुका खांब त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावरच, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा आहे. तिथे एक रंगीत दोरा अडकवून ठेवावा. पांघरुणाच्या कडा आत ओढल्या जाऊन कापड निमुळते होते, त्याचे कारण बहुतेक वेळा हा सुटलेला टाका असतो.

सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक ओळ वहीत स्वतःच्या मराठीत लिहून काढावी, असा माझा आग्रह आहे. «सा», «मु», «खां» असे संक्षेप तुम्हीच ठरवा. लिहिताना ओळीचा अन्वय लागतो. नुसते वाचून तो लागेलच असे नाही.

उत्तर : जाळीकाम, रत्नागिरी

सुईदोराताईंनी केलेली फोड उत्तम आहे. वहीत शब्दांत लिहिण्याऐवजी चित्र काढावे, एवढाच माझा वेगळा सल्ला. शब्दांत लिहिलेली ओळ क्रम सांगते, पण कोणता टाका कोणाच्या डोक्यावर बसतो हे दाखवत नाही, आणि तुम्हाला तर समोरचे तोरण पाहून विणण्याची सवय आहे. तुमच्यासारखीला चिन्हांचा आराखडा फार लवकर कळेल.

चिन्हे थोडीच आहेत. साखळीसाठी लहान लंबगोल, सरकत्या टाक्यासाठी भरीव ठिपका, मुक्या खांबासाठी फुली किंवा अधिकचे चिन्ह, अर्ध्या खांबासाठी इंग्रजी टी हे अक्षर, खांबासाठी त्याच टी वर एक तिरपी रेघ आणि दोन वेढ्यांच्या खांबासाठी दोन रेघा. या रेघांचा अर्थ सरळ आहे : सुई टाक्यात घालण्यापूर्वी तिच्यावर जितके वेढे घेतले, तितक्या तिरप्या रेघा; अर्धा खांब तेवढा याला अपवाद, त्यात एक वेढा असूनही रेघ नसते. पाच खांब एकाच साखळीत असतील, तर पाचही टी खालच्या टोकाशी एकत्र येऊन वर पंख्यासारखे पसरलेले दिसतात. जपानी पुस्तकांत बहुतांश काम अशा आराखड्यांनीच चालते, त्यामुळे जपानीचे एक अक्षर न येताही त्यातले रुमाल विणता येतात.

वाचण्याची दिशा मात्र नीट समजून घ्यावी. सरळ विणकामात आराखडा खालून वर वाचतात. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि परतीची ओळ डावीकडून उजवीकडे. ओळीचा क्रमांक ज्या कडेला छापलेला असतो, तिथून ती ओळ सुरू होते. गोल रुमालात मध्यापासून बाहेर जातात आणि काम न उलटता विणत असाल, तर प्रत्येक फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाचतात.

तुम्ही तोरणे विणता म्हणून चौकटींच्या जाळीबद्दलही सांगते, कारण आपल्याकडच्या तोरणांवरची स्वस्तिके, कलश आणि अक्षरे त्याच पद्धतीने होतात. त्याचा आराखडा म्हणजे साधा चौकटींचा कागद असतो. रिकामी चौकट म्हणजे एक खांब, दोन साखळ्या आणि खालचे दोन टाके सोडणे. भरलेली चौकट म्हणजे तीन खांब. शेजारच्या दोन चौकटींमध्ये एक खांब सामाईक असल्यामुळे चौकटींच्या संख्येला तीनने गुणून शेवटच्या कडेसाठी एक मिळवायचा. ३० चौकटींच्या रुंदीला ९१ टाके होतात, आणि पहिली चौकट भरलेली असेल तर ९३ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालायचा. इंग्रजी पॅटर्न वाचण्याचा सराव अशा जाळीवर केला, तर शब्द आणि चित्र दोन्ही एकाच वेळी पडताळता येतात.

उत्तर : लोकरवेडी, लेस्टर

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथले पॅटर्न रोज वापरते, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. इंग्रजी पॅटर्न अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन पद्धतींनी लिहिले जातात आणि दोन्हींत तीच नावे वेगवेगळ्या टाक्यांना दिलेली असतात. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकी सिंगल क्रोशे. ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आपला साधा खांब अमेरिकेत डबल आणि इथे ट्रेबल. अर्धा खांब तिथे हाफ डबल, इथे हाफ ट्रेबल. सरकता टाका आणि साखळी तेवढी दोन्हीकडे सारखी.

तुमच्या पॅटर्नमध्ये एससी आहे. आजच्या ब्रिटिश पद्धतीत हे नाव वापरत नाहीत, त्यामुळे तुमचा पॅटर्न निःसंशय अमेरिकी आहे. ज्या पॅटर्नमध्ये एससी कुठेच नाही आणि डीसी मात्र आहे, तिथे शहानिशा करावी लागते. टाका सोडण्यासाठी «मिस» आणि घट्टपणासाठी «टेन्शन» हे शब्द असतील तर पॅटर्न ब्रिटिश; «स्किप» आणि «गेज» असतील तर बहुधा अमेरिकी. शब्दांवरून उलगडा झाला नाही, तर वळताना किती साखळ्या सांगितल्या आहेत ते पाहावे. डीसीच्या ओळीआधी एकच साखळी असेल तर तो मुका खांब, आणि तीन असतील तर पूर्ण उंचीचा खांब, कारण साखळ्यांची उंची टाक्याच्या उंचीशी जुळावी लागते. माझ्या मते पॅटर्न हाती येताच त्याच्या माथ्यावर «अमेरिकी» किंवा «ब्रिटिश» असे पेन्सिलीने लिहून मगच सुई हातात घ्यावी.

सुईच्या क्रमांकांचेही तसेच आहे. अमेरिकी ८ क्रमांकाची, म्हणजे एच अक्षराची सुई ५ मिलिमीटरची असते, तर जुन्या ब्रिटिश मापातली ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची. बारीक दोऱ्याच्या पोलादी सुयांमध्ये क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते. म्हणून क्रमांकावर विसंबू नये, मिलिमीटरचे माप पाहावे.

दोरागुंडी, नाशिक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी कागदावर हिशेब केला, मग चित्र काढले आणि मग ४ मिलिमीटरच्या सुईने तुकडा विणला. दोन्ही ओळींना २५ चा मेळ बसला. चार शिंपल्यांच्या या तुकड्याची रुंदी १६ सेंटिमीटर भरते. पांघरूण साधारण ९० सेंटिमीटर रुंद हवे आहे. आता साखळ्या किती घ्याव्यात?

उत्तर : सुईदोरा, सातारा

तुमच्या हाताने एक शिंपला ४ सेंटिमीटरचा होतो. ९० ला ४ ने भागले तर साडेबावीस येतात आणि गट अर्धा करता येत नाही, म्हणून २२ किंवा २३ यांतून निवड करावी लागेल. २३ घेतल्यास रुंदी ९२ सेंटिमीटर होईल. आता तुमच्या पॅटर्नवरची टीप वापरा : २३ गुणिले ६ म्हणजे १३८, त्यात नक्षी तोलण्यासाठी १ आणि वळणासाठी १ मिळवून १४० साखळ्या. काही पॅटर्नमध्ये हेच «६ च्या पटीत + २» असे लिहिलेले आढळेल. तिथे वळणाची साखळी आधीच धरलेली असते, ती पुन्हा मिळवायची नाही.

मापाला सुरुवात करण्यापूर्वी तो तुकडा एकदा धुऊन, सपाट वाळवून पुन्हा मोजावा, कारण बाळाचे पांघरूण वारंवार धुतले जाणार आहे आणि लोकर धुतल्यावर सैल पडू शकते. १६ चे १७ सेंटिमीटर झाले तर शिंपला सव्वाचार सेंटिमीटरचा ठरेल आणि मग २१ शिंपले, म्हणजे १२८ साखळ्या पुरतील.

साखळ्या मोजताना दर विसाव्या साखळीला रंगीत दोरा बांधावा. शिवाय पाचसहा साखळ्या जास्तच घालाव्यात. पहिली ओळ पूर्ण झाल्यावर उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या गाठीकडून उसवता येतात, पण कमी पडल्या तर सगळी ओळ उसवावी लागते. पायाच्या साखळीसाठी अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घेतली, तर खालची कड ओढली जाणार नाही.

उत्तर : जाळीकाम, रत्नागिरी

आराखड्यात पहिला आणि शेवटचा गट पूर्ण काढा आणि मधला एकच गट काढून त्याभोवती चौकट करा. तेवीस गट काढण्याची गरज नाही. पहिल्या तीन ओळी झाल्या की ताण न देता कापड सपाट पसरून, दोन्ही कडा सरळ वर जात आहेत ना, ते पाहा, आणि मगच चौथी ओळ सुरू करा.