शब्दचर्चा: थंडर पडतो का?

प्रश्न: माझे चिनी विद्यार्थी इंग्रजीत 'झाडावर थंडर पडला' असं हमखास लिहितात. हे कुठून येतं? आणि 'स्टील समवन्स थंडर' त्यांना कसं समजवायचं?

उत्तर: चिनीतल्या 'लेइ' या एकाच शब्दात गडगडाटही येतो आणि कोसळणारी वीजही. नुसत्या चमकणाऱ्या विजेला 'शानत्येन' म्हणतात, पण झाडावर पडतो तो लेइच. इमारतीवरच्या तडितरक्षकाचं नावसुद्धा 'पीलेइचन', म्हणजे लेइ टाळणारी सुई! इंग्रजीत मात्र पडते ती लाइटनिंग. थंडर फक्त ऐकू येतो. शिवाय त्याच्यामागे नुसता 'अ' लावून चालत नाही, 'अ क्लॅप ऑफ थंडर' म्हणावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी सरळ गोष्टच सांगा. जॉन डेनिस या नाटककाराचं 'अपियस अँड व्हर्जिनिया' १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात आलं. त्यासाठी त्याने गडगडाट काढायची नवी युक्ती शोधली होती. नाटक पडलं. पुढे तिथेच 'मॅकबेथ' पाहताना त्याला तोच गडगडाट ऐकू आला आणि 'माझा थंडर चोरला' म्हणून तो भडकला, असं सांगतात. चिनीत याला जवळचं 'छ्यांग फंगथौ', म्हणजे वाऱ्याचं टोक हिसकावणं. आपल्याकडे लग्न एकीचं आणि भाव खाऊन जाते करवली, तसलाच प्रकार.

आणखी एक शंका: 'लेइ शंग ता, यू त्येन श्याओ', गडगडाट मोठा नि थेंब बारीक, हे म्हणजे आपलं 'गरजेल तो पडेल काय' ना?

उत्तर: अगदी तेच. फक्त इंग्रजीत ते थंडर घालून शब्दशः उतरवू देऊ नका, 'ऑल टॉक अँड नो ॲक्शन' बरं. उलट 'छिंगथ्येन फीली', निरभ्र आकाशातून वीज, हे 'अ बोल्ट फ्रॉम द ब्लू'शी इतकं जुळतं की तिथे शिकवायला काही उरतच नाही. टाळ्यांचंही तसंच. दोन्ही भाषांत त्या थंडरसारख्या, आपल्याकडे विजेसारखा कडकडाट.

मला सगळ्यात आवडतो तो 'लेइथुंग'. अर्थ 'हुबेहूब सारखं'. 'लीजी' या प्राचीन ग्रंथात दुसऱ्याची री ओढू नये म्हणून सांगताना हा शब्द येतो: लेइ झाला की सगळ्या वस्तू एकदम घुमतात, तसं करू नये. हा शब्द तुमच्या विद्यार्थ्यांना नक्की ठाऊक असेल, कारण परीक्षेत दोघांची उत्तरं संशयास्पद जुळली की त्या उत्तरपत्रिकांना 'लेइथुंग' म्हणतात.